हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात, पहिल्याच आठवड्यात,
विंग कमांडर हरिहर वैरागडे
सदर शाखेत माझ्या चार नंबर काउंटरवर यायचे,
आपण जिवंत आहोत हे सांगायला.

पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं.
मागचा कुणी म्हणालाच, "तुम्ही व्हा ना पुढं, साहेब,"
तर म्हणायचे, "लाइनीत उडायची सवय आहे, बाप्पा."

त्यांच्या पासबुकात पेन्शनखाली
दर महिन्याला एक वेगळी ओळ छापून येते:
वीरचक्र भत्ता.
प्रिंटरची शाई संपत आली की
तीच आधी पुसट होते, का कोण जाणे.

यंत्र आलं आणि पंचाईत झाली.
अंगठा टेकवला की यंत्र म्हणायचं, जुळत नाही.
तर्जनी. जुळत नाही.
एकदा दहाही बोटं झाली, रांग दाराबाहेर गेली.
मी म्हटलं, "सर, रेषा घासल्यात,
रात्री ग्लिसरीन लावून पाहा."
ते हसले. "रेषा नाहीतच, गजभिये मॅडम.
एकाहत्तरच्या डिसेंबरात कॅनॉपीची मूठ तापली होती.
हातमोजा कातडीसकट निघाला."

युद्धाबद्दल एवढंच, अकरा वर्षांत.
बाकीचं मी फाइलीला टाचलेल्या झेरॉक्सवर वाचलं:
शत्रूची दोन विमानं पाडली,
पेटतं विमान तळावर परत आणलं,
असामान्य धैर्य, कर्तव्यनिष्ठा वगैरे.
वगैरे माझा शब्द.

सोबत उडालेल्याचं नाव त्यात नव्हतं.
ते सापडलं दुसऱ्याच फाइलीत,
मोहननगरच्या डिमेलो बाईंच्या,
जिच्यावर लाल पेन्सिलीनं 'बंद' लिहिलंय.
फ्लाइंग ऑफिसर नोएल. बेपत्ता.
मृत म्हणावं तर देह नाही,
हयात म्हणावं तर माणूस नाही.
सात वर्षं कागद अडला. मग साक्ष लागली.
साक्षीदार: ह. वैरागडे.
निळ्या शाईत, शाळेतल्यासारखं सुवाच्य:
"मी तीन घिरट्या घातल्या. इंधन संपत होतं.
छत्री उघडलेली मला दिसली नाही."

त्या वाक्याखाली आईची सही आहे.
म्हणजे ती शेजारच्याच खुर्चीवर बसली असणार,
आणि यांनी ते तिला वाचून दाखवलं असणार.
दिसली होती, धुरात नीट कळलं नाही,
असंही लिहिता आलं असतं.
माझ्या हातात तराजू नाही, मी कारकून आहे.
पण या ओळीचा भत्ता
कुठल्याच खात्यात निघत नाही.

यंदा ते आले नाहीत.
पंधरा तारखेला यंत्र पिशवीत घालून
मीच गेले खामल्याला.
खिडकीशी पलंग. उशाशी रेडिओ, बंद.
सून म्हणाली, जोरात बोला, ऐकू येत नाही फारसं.

या वेळी डोळ्यांचं यंत्र होतं.
"सर, उजेडात बघायचं! पापणी हलवायची नाही!"
"उजेडातूनच येतात ते," म्हणाले,
"मला काय शिकवता, मॅडम."
आणि पाहिलं.
मोतीबिंदू काढलेले, कडेला पाणावलेले डोळे,
यंत्राला हवं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ,
कुणीतरी त्यातून बाहेर येईपर्यंत थांबल्यासारखे.

जुळलं.

तेवढ्यात सोनेगावहून एक विमान उठलं.
तावदानं थरथरली. सुनेनं वर पाहिलं, मीही.
ते भिंतीकडे बघत होते.
"डावीकडं वळेल आता."
वळलं.

मी पावती दिली.
हातभर लांब धरून त्यांनी वाचली,
नाव, तारीख, हयात.
मग म्हणाले, "एक प्रत जास्तीची निघेल?"

नियमात एकच बसते.
मी दोन काढल्या.